तुमच्या जुन्या स्लॅबचं पुन्हा सिमेंट होईल का?

इमारत पाडून पुनर्विकास करायचा ठरला, की सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणीतरी विचारतंच, "या राडारोड्याचं परत सिमेंट नाही का होत?" होतं. पण आमच्या क्रशरवर, म्हणजे पाडकामाचं काँक्रीट फोडून आम्ही खडी करतो तिथे, नाही.

सिमेंट करताना चुनखडक आणि माती साधारण १४५० अंश सेल्सिअसला भाजतात. तेव्हा चुनखडकातला कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, इंधनाचा धूर वेगळाच. तुमच्या स्लॅबमधल्या सिमेंटातून हा वायू एकदा निघून गेलेला आहे. तेच पुन्हा भाजलं, तर तेवढा वायू परत सुटत नाही. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी लोखंडाचं भंगार वितळवणाऱ्या विजेच्या भट्टीत नेहमीच्या चुन्याऐवजी जुनं सिमेंट टाकून पाहिलं. वितळलेल्या लोखंडावर जमणारा स्लॅग (मळी) झटकन थंड करून दळला, की नवं सिमेंट. त्यांचा शोधनिबंध २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

आपल्याकडे अडतं ते काळ्या दगडापाशी. खडी चुनखडकाची असेल, तर अख्खं काँक्रीट दळून भट्टीत घालता येतं. जपानमध्ये तसं काँक्रीट मुद्दाम बनवून पाहिलं आहे. आपली खडी बेसाल्टची, म्हणजे याच काळ्या दगडाची. त्यात निम्म्याच्या आसपास सिलिका, चुना जेमतेम दहावा हिस्सा. म्हणजे आधी दगडाला चिकटलेलं सिमेंट सोडवायला हवं. आमच्या चाळणीखाली जी भुकटी पडते, तिच्यात सिमेंट, वाळू आणि दगडाचा चुरा एकजीव झालेला असतो. तिला 'सिमेंट' म्हणून कुणी विकत असेल, तर घेऊ नका.

आम्ही देतो ती जुन्या काँक्रीटची खडी. आयएस ३८३ (२०१६) या खडी-वाळूच्या भारतीय मानकानुसार ती साध्या काँक्रीटमध्ये एकूण खडीच्या २५ टक्के, एम २५ पर्यंतच्या (एम म्हणजे काँक्रीटच्या ताकदीचा ग्रेड) आरसीसीत २० टक्के आणि एम १५ खालच्या लीन, म्हणजे कमी सिमेंटच्या काँक्रीटमध्ये पूर्ण १०० टक्के चालते. जुना मसाला चिकटलेला असल्यामुळे ती पाणी जास्त पिते; मिक्सरमध्ये टाकण्याआधी भिजवून घ्या, नाहीतर माल लगेच घट्ट होतो आणि मिस्त्री वरून पाणी ओततो.

एक विनंती मात्र आहे. पाडकामाआधी पीओपीचं सीलिंग उतरवून घ्या, विटा-टाइल्सचा ढीग वेगळा ठेवा. पीओपी म्हणजे जिप्सम. ते खडीत राहिलं तर नवं काँक्रीट आतून फुगून तडकू शकतं. सळया आम्ही चुंबकाने काढतो, पण पीओपी चुंबकाला लागत नाही. म्हणून जेसीबी येण्याआधी आम्हाला एकदा साइट दाखवा.