कोकणात जमीन घेतली म्हणजे पाण्याची चिंता मिटली?

‘शहर सोडायचं तर कोकणात जा, तिथे पाण्याला मरण नाही,’ हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. अर्धंच खरं. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण जांभा दगड सच्छिद्र, उतार तीव्र आणि समुद्र जवळ, त्यामुळे पाणी थांबतच नाही. एप्रिल-मेमध्ये खेड, संगमेश्वरातल्या वाड्यांवर टँकर फिरतात. म्हणून प्लॉट श्रावणातली हिरवळ बघून घेऊ नका (एजंट नेमका तेव्हाच नेतो!). मेमध्ये जा, शेजाऱ्याच्या विहिरीत वाकून बघा: तळाशी कळशीही बुडत नसेल, तर सौदा राहू द्या. आणि हो, शेतकरी नसाल तर महाराष्ट्रात शेतजमीन परवानगीशिवाय घेताही येत नाही.