पंधरा सेंटिमीटरचं स्पिटफायर

६ सप्टेंबर १९३९. ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारल्याला जेमतेम तीन दिवस झाले होते. सकाळीच इसेक्सच्या किनाऱ्याकडे शत्रूची विमानं येत असल्याची खबर आली आणि नॉर्थ वील्डच्या तळावरून ५६ स्क्वाड्रनची (हवाई दलाच्या तुकडीची) हरिकेन विमानं उडाली. हॉर्नचर्चहून ७४ स्क्वाड्रनची स्पिटफायरही झेपावली. दोन्ही ब्रिटिशच लढाऊ विमानं. आकाशात जर्मन विमान एकही नव्हतं. स्पिटफायरवाल्यांनी समोर दिसलेल्या हरिकेननाच जर्मन मेसरश्मिट विमानं समजून गोळ्या झाडल्या आणि दोन पाडली. माँटेग्यू हल्टन-हॅरप हा तरुण वैमानिक ठार झाला. त्या युद्धात प्राण गमावलेला ब्रिटिश हवाई दलाचा तो पहिला लढाऊ वैमानिक. स्पिटफायरने पाडलेली पहिली विमानं ही अशी आपल्याच बाजूची होती. गोळ्या झाडणाऱ्या दोघांचं कोर्टमार्शल झालं, दोघेही निर्दोष सुटले. ‘बार्किंग क्रीकची लढाई’ या उपरोधिक नावाने हा प्रकार आजही ओळखला जातो.

स्पिटफायरचं प्लॅस्टिक मॉडेल बनवण्याच्या छंदाचा इतिहास सांगताना बहुतेक जण खेळण्यांच्या दुकानापासून सुरुवात करतात. मला बार्किंग क्रीक जास्त जवळचं वाटतं. कारण या छंदात जे जे आहे, म्हणजे मॉडेलचं प्रमाण, आकाराबद्दलचा आग्रह, पंखाखालचा रंग, विमानावरच्या ओळखीच्या वर्तुळातला निळा, त्यातलं बरंचसं एकाच प्रश्नाशी जाऊन भिडतं: समोरचं विमान आपलं की त्यांचं, हे क्षणात कसं कळावं?

आधी प्रमाण. १/७२ हे विमानांच्या मॉडेलचं सगळ्यात रुळलेलं प्रमाण. ७२ हा आकडा विचित्र वाटतो, पण फूट-इंचात विचार केला की सरळ आहे. सहा फुटांचा एक इंच. सहा फुटी वैमानिक बरोबर एक इंचाचा होतो. ब्रिटनमध्ये १९३२ साली जेम्स हे स्टीव्हन्स यांनी ‘स्कायबर्ड्स’ नावाने लाकडी आणि धातूच्या भागांचे संच काढले, ते याच प्रमाणात. चार वर्षांनी, १९३६ मध्ये, ‘फ्रॉग’ या छापाखाली ‘पेंग्विन’ मालिका आली. तिचे सुटे भाग सेल्युलोज अॅसिटेटचे, म्हणजे प्लॅस्टिकचे होते. जगातले पहिले प्लॅस्टिकचे विमानसंच म्हणून यांचंच नाव घेतलं जातं. अॅसिटेटची खोड अशी की काही वर्षांनी ते आकसतं, वाकतं. त्यामुळे जुने पेंग्विन आज संग्राहकांकडे असले तरी त्यांचे पंख सरळ असतीलच असं नाही.

त्याच १९३६ साली, ५ मार्चला, साउदॅम्प्टनजवळच्या ईस्टली विमानतळावरून खऱ्या स्पिटफायरच्या नमुन्याने पहिलं उड्डाण केलं. रचनाकार आर. जे. मिचेल कर्करोगाने आजारी होते. पुढच्याच वर्षी, वयाच्या ४२ व्या वर्षी ते गेले. आपल्या विमानाने पुढे काय केलं हे त्यांना पाहायला मिळालं नाही. पंखांचा तो प्रसिद्ध लंबगोल घाट बेव्हर्ली शेन्स्टोन या कॅनडियन वायुगतिकीतज्ज्ञाच्या कामातून आला. पंख पातळ हवा, पण त्यात आठ मशीनगन आणि आत दुमडणारी चाकं मावली पाहिजेत, असा तो पेच होता. लंबगोल आकारात पंखाची रुंदी बुडापासून बरंच अंतर टिकून राहते, त्यामुळे जाडी न वाढवता जागा मिळते. देखणेपणा हा त्यातून झालेला फायदा.

युद्ध सुरू झालं तसा १/७२ या प्रमाणाला सरकारी आधार मिळाला. विमानविरोधी तोफांवरचे जवान, किनाऱ्यावरचे टेहळे, जहाजांवरचे खलाशी, या सगळ्यांना विमानं ओळखायला शिकवायचं होतं. फोटोतून एकच बाजू कळते. मॉडेल हातात फिरवता येतं, छताला टांगता येतं, कोणत्याही कोनातून दाखवता येतं. फ्रॉगच्या कारखान्यात खेळण्यांऐवजी अशी ओळखीची मॉडेलं बनू लागली. १९४२ च्या सुरुवातीला अमेरिकी नौदलाने थेट शाळांनाच कामाला लावलं आणि मुलांकडून पाच लाख लाकडी मॉडेलं मागवली. सगळी १/७२ ची, सगळी काळ्या रंगात, कारण दूरवरचं विमान डोळ्याला सावलीसारखंच दिसतं. पुढे शिकागोच्या क्रूव्हर कंपनीने हीच मॉडेलं प्लॅस्टिकमध्ये ओतली. हिशेबही सोपा होता. मॉडेल ३५ फुटांवर धरलं की २,५२० फुटांवरचं, म्हणजे जवळपास अर्ध्या मैलावरचं खरं विमान जेवढं दिसेल तेवढंच ते दिसतं. आज मॉडेलची बाह्यरेषा अर्ध्या मिलिमीटरने चुकली म्हणून हुज्जत घालणारे लोक भेटतात, त्यांचा हा वारसा आहे. तेव्हा बाह्यरेषा चुकणं म्हणजे कुणाच्या तरी जिवाशी खेळ होता.

युद्ध संपलं आणि ओळखीची ही विद्या बाजारात उतरली. एअरफिक्स ही कंपनी १९३९ मध्ये निकोलस कोव्ह या हंगेरियन निर्वासित उद्योजकाने काढली होती. सुरुवातीला रबराची हवा भरायची खेळणी, मग युद्धानंतर प्लॅस्टिकचे कंगवे. कंगव्यांसाठी घेतलेल्या इंजेक्शन मोल्डिंगच्या (वितळलेलं प्लॅस्टिक दाबाने साच्यात भरण्याच्या) यंत्रावर १९४९ मध्ये फर्ग्युसन ट्रॅक्टरची प्रतिकृती बनली, ती ट्रॅक्टर कंपनीच्या विक्रेत्यांना दाखवायला. पुढे वूलवर्थ्सच्या दुकानांसाठी ‘गोल्डन हाइंड’ जहाज दोन शिलिंगला, तेही डब्याऐवजी साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत. पन्नासच्या दशकातच त्याच मार्गाने एअरफिक्सचं पहिलं स्पिटफायर आलं. त्याच्या अंगावर ‘बीटीके’ अशी अक्षरं होती, म्हणून जुने लोक त्याला त्याच नावाने ओळखतात. आकार पार गंडलेला होता. एका अमेरिकी कंपनीच्या मोठ्या संचावरून ते उतरवलं असावं, असं जाणकार मानतात. तरी ते तडाखेबंद खपलं, कारण लढाईच्या काळात आभाळाकडे बघत मोठी झालेली मुलं आता खिशात दोन शिलिंग बाळगून होती.

त्या काळातले संच हातात घेतले तर पृष्ठभागावर बारीक फोड आल्यासारखे रिव्हेट (पत्रे जोडणारे खिळे) दिसतात. साच्यात खड्डा पाडणं सोपं, म्हणून प्लॅस्टिकवर रिव्हेट वर उठलेले येत. पाव मिलिमीटरचा उंचवटा डोळ्याला मामुली वाटतो. ७२ ने गुणा, १८ मिलिमीटर होतात. खऱ्या विमानावर असा रिव्हेट असता तर तो पाऊण इंच बाहेर आलेला दिसला असता. सत्तर-ऐंशीच्या दशकांत जपानी कंपन्यांनी हे चित्र पालटवलं. शिझुओका शहरातली तामिया मुळात १९४६ ची लाकूडकटाईची वखार. तिथून लाकडी मॉडेलं, मग प्लॅस्टिक. हासेगावाही त्याच शिझुओका प्रांतातली. उठावदार रेघांच्या जागी खोदलेल्या बारीक रेघा आल्या आणि सांधे असे जुळू लागले की पुट्टीचा डबा कपाटातच राहू लागला. आता तर संग्रहालयातलं खरं विमान लेझरने मोजून संगणकावर साचा काढतात. तरीही पंखाची मागची कड जाडच येते. प्लॅस्टिक एका मर्यादेपलीकडे पातळ ओतता येत नाही, ती आतून घासून काढावीच लागते. स्पिटफायरच्या पंखाचा सगळा मोठेपणाच त्याच्या पातळपणात असल्याने, हे घासकाम टाळणाऱ्याचं मॉडेल लांबूनही जड दिसतं.

रंगाकडे वळलं की ओळखीचा प्रश्न पुन्हा समोर येतो. १९४० च्या जूनपर्यंत ब्रिटिश लढाऊ विमानांची डावी बाजू खालून काळी आणि उजवी पांढरी असे. खाली उभ्या टेहळ्याला वर बघताच कळावं, आपलं आहे. मग सगळं पोट फिक्या हिरवट-निळ्या ‘स्काय’ रंगात रंगवायचा हुकूम आला. त्यामुळे एकाच स्क्वाड्रनचं एकच विमान मेमध्ये एका रंगाचं आणि ऑगस्टमध्ये दुसऱ्या. डब्यावरचं चित्र बघून रंगवणारे इथे हमखास घोळ घालतात.

याच सुमाराला एक धागा आपल्याकडे वळतो. १९४० मध्ये ब्रिटनच्या विमान उत्पादन खात्याचे मंत्री लॉर्ड बीव्हरब्रुक यांनी लोकांकडून देणग्या घ्यायला सुरुवात केली. पाच हजार पौंड द्या, एका स्पिटफायरवर तुमचं नाव घाला. खरा खर्च याहून कितीतरी जास्त होता, पण गोल आकडा लोकांना भावला. गावं, कारखाने, वसाहती, संस्थानं, सगळ्यांनी पैसे पाठवले. हैदराबादच्या निजामाची ऐपत एका विमानाची नव्हती, अख्ख्या स्क्वाड्रनची होती. १५२ (हैदराबाद) स्क्वाड्रनच्या बोधचिन्हावर निजामाची पगडी आहे आणि ब्रीदवाक्य ‘विश्वासू दोस्त’ अशा अर्थाचं. १९४० च्या जर्मन हवाई हल्ल्याच्या उन्हाळ्यात ही स्क्वाड्रन डॉर्सेटमधल्या वॉर्मवेल तळावरून स्पिटफायर उडवत होती. निजामाच्या तिजोरीत औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेडचा शेतसाराही जात होता, हे ध्यानात घेतलं तर मराठवाड्याच्या कापूस-ज्वारीचा काही अंश त्या विमानांत होता असं म्हणायला हरकत नाही. देणाऱ्याला विचारून दिलेला नव्हता, एवढंच. बडोद्याच्या गायकवाडांच्या देणगीवरून १२४ (बडोदा) स्क्वाड्रन आली. मे १९४१ मध्ये ती स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला कॅसलटाउनला उभी राहिली, तीही स्पिटफायरवरच.

आता हैदराबाद स्क्वाड्रन पुढे कुठे गेली ते बघा. १९४३ च्या अखेरीला ती भारतात आली आणि मग ब्रह्मदेशच्या आघाडीवर मार्क आठ (‘मार्क’ म्हणजे विमानाची आवृत्ती) स्पिटफायर घेऊन लढली. हे मार्क आठ म्हणजे मागचं छोटं चाकही आत घेणारं, उष्ण हवामानासाठी गाळणी बसवलेलं, माझ्या मते सगळ्या स्पिटफायरमधलं सर्वात नीटस. काही विमानांवर वर्तुळातून झेप घेणारा काळा बिबट्या रंगवलेला होता. मॉडेल करणाऱ्यांचा हा जुना लाडका विषय.

पण या विमानांवरची वर्तुळं नेहमीच्या ब्रिटिश वर्तुळांसारखी नाहीत. लाल, पांढरा, निळा यांतला मधला लाल ठिपका काढून टाकलेला. जपानी विमानांवर तांबडा गोळा असे. धुरळ्यात, घाईत, झाडांच्या शेंड्यांवरून उडताना लाल दिसलं की बोट चापावर जाणार. म्हणून १९४३ च्या मध्यापासून या आघाडीवर गडद निळ्यात फिका निळा, एवढंच ठेवलं. पुढे पंखांवर आणि शेपटीवर पांढरे पट्टेही आले. बार्किंग क्रीकचं भूत चार वर्षांनी जंगलावरही तसंच बसलेलं होतं.

इथे मॉडेल करणाऱ्याची खरी कसोटी लागते. तो फिका निळा नेमका कोणता? तळावरचे लोक निळ्यात पांढरा मिसळून काम भागवत, आणि ते मिश्रण तळागणिक बदलणार. विमानाचा वरचा रंग हिरवा-तपकिरी की हिरवा-करडा, यावरही वाद आहेत. फोटो काळे-पांढरे, आणि त्या काळच्या कित्येक फिल्म लाल रंगाला आंधळ्या. तसल्या फिल्मवर लाल जवळजवळ काळा उमटतो आणि निळा उजळ. ब्रह्मदेशचं ऊन आणि पाऊस खाल्लेला हिरवा तर कशाचाही भास देतो. अशा फोटोवरून ‘हाच तो रंग’ असं छातीठोक सांगणाऱ्याचं मी ऐकून घेतो, मानत नाही. संग्रहालयातल्या विमानाकडे बोट दाखवणंही फसवं, कारण ती विमानं पुन्हा पुन्हा रंगवली जातात.

भारतीय हवाई दलाची स्वतःची स्पिटफायर याच रंगसंगतीत आली. ८ स्क्वाड्रनला १९४४ मध्ये मार्क आठ मिळाली आणि ती ब्रह्मदेशातल्या आराकानच्या बाजूला लढली. युद्ध संपल्यावर ४ स्क्वाड्रन मार्क चौदा घेऊन १९४६ मध्ये राष्ट्रकुलाच्या सैन्यासोबत थेट जपानमध्ये तैनात झाली. १९४७ च्या ऑक्टोबरअखेरीस, टोळीवाले श्रीनगरच्या दिशेने येत असताना अंबाल्याच्या प्रशिक्षण तळावरची स्पिटफायर तिकडे पाठवली गेली. शिकाऊ वैमानिकांच्या सरावाची ही विमानं. मुंबईत जन्मलेले आणि पुढे हवाई दलप्रमुख झालेले हृषीकेश मुळगावकर यांना महावीरचक्र मिळालं ते याच काश्मीरच्या मोहिमेतल्या कामगिरीबद्दल.

एवढं असून दुकानातल्या शंभर स्पिटफायर डब्यांपैकी भारतीय खुणांचा डबा शोधून काढावा लागतो. कारण उघड आहे. डबे विकले जातात ते ब्रिटन, अमेरिका, जपानमध्ये, आणि तिथल्या गिऱ्हाइकाला १९४० चं लंडन हवं असतं. म्हणून १/७२ च्या मार्क आठचा डबा घ्यायचा आणि खुणा स्वतः जमवायच्या, हाच मार्ग उरतो. पंखाची लांबी साधारण पंधरा सेंटिमीटर. युद्धकाळातलं दोन निळ्यांचं वर्तुळ करायचं तर कंपासच्या कटरने मास्क (रंग झाकणारी पट्टी) कापून एअरब्रशने (रंगाच्या बारीक फवाऱ्याने) मारता येतं, आधी फिका निळा, मग कडेचा गडद. स्वातंत्र्यानंतरचं अशोकचक्राचं वर्तुळ मात्र वेगळं प्रकरण आहे. १९५० मध्ये तिरंगी वर्तुळ येण्याआधी ते वापरात होतं. सेंटिमीटरभराच्या घेरात चोवीस आऱ्या हाताने ओढणं विसराच, डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायचं छापील चित्र) छापूनच घ्यावं लागतं. घरच्या प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते. त्यामुळे पारदर्शक डिकल कागदावर छापलं तर खालचा हिरवा रंग चक्रातून वर येतो. पांढरा डिकल कागद घ्यायचा, त्यावर लाखेचे दोन पातळ हात द्यायचे, आणि वर्तुळ कडेच्या निळ्या रेषेवरूनच कापायचं, म्हणजे पांढरी कड डोकावत नाही.