गॅलरीतलं पॅनेल, भिंतीतली पिन

म्युनिकला राहणारा माझा भाचा मागच्या सुट्टीत आला तेव्हा त्याने फोनवर आपल्या गॅलरीचा फोटो दाखवला. कठड्याला बाहेरून दोन सोलर पॅनेल, त्यांच्या मागे जेवणाच्या डब्याएवढी एक करडी पेटी, आणि पेटीतून निघालेली केबल सरळ भिंतीतल्या सॉकेटमध्ये. मिक्सरची पिन खोचावी तशी. "मावशी, तुझ्याकडे तर ऊन केवढं! पुढच्या वेळी एक सेट घेऊन येऊ का?"

मी लगेच हो म्हटलं नाही.

जर्मनीत ही वस्तू पूर्ण कायदेशीर आहे. मे २०२४ पासून इन्व्हर्टर ८०० वॉटपर्यंत आणि पॅनेल २००० वॉटपर्यंत असतील, तर घरमालकाने किंवा भाडेकरूने स्वतः पिन खोचायची आणि सरकारी नोंदवहीत ऑनलाइन नोंद करायची, एवढंच. त्याआधी मर्यादा ६०० वॉटची होती. २०२५ च्या मध्यापर्यंत अशा नोंदी दहा लाखांच्या वर गेल्या. अमेरिकेतल्या यूटा राज्यानेही २०२५ मध्ये १२०० वॉटपर्यंत अशीच मुभा दिली. मग आपल्याकडे काय अडतं? हे नीट समजायचं तर त्या करड्या पेटीत काय चालतं ते आधी पाहायला हवं.

आपल्याकडे 'इन्व्हर्टर' म्हटलं की बॅटरीवाला डोळ्यांपुढे येतो. लाईट गेली की तो स्वतः २३० व्होल्ट तयार करतो आणि पंखे चालू ठेवतो. करड्या पेटीतला 'ग्रिड-टाय' इन्व्हर्टर, म्हणजे ग्रिडला (बाहेरून येणाऱ्या विजेच्या जाळ्याला) जोडून चालणारा, याच्या अगदी उलट. लाईट गेली की तो बंद पडतो, भर दुपारी पॅनेलवर रणरणतं ऊन असलं तरीही. भजनात टाळकरी पखवाजाचा ठेका धरून वाजवतो, तसा हा ग्रिडचा ठेका धरतो. पखवाज म्हणजे ग्रिड, सेकंदाला ५० आवर्तनं. इन्व्हर्टर तो ठेका ऐकतो आणि त्याच्याशी मिळवून आपला करंट त्यात सोडतो. पखवाज थांबला की टाळ थांबले पाहिजेत.

म्हणूनच अनेकांना वाटणारी पहिली भीती चांगल्या इन्व्हर्टरच्या बाबतीत खरी ठरत नाही. उन्हात चालू असताना पिन उपसली, तर उघड्या पितळी दांड्यांवर २३० व्होल्ट राहतील का? पिन निघताच ठेका ऐकू येईनासा होतो, आतला रिले (आपोआप उघडणारा स्विच) उघडतो आणि दांड्या निर्जीव होतात. जर्मन नियमांनुसार व्होल्टेज किंवा आवर्तनं मर्यादेबाहेर गेली की ठरलेल्या अगदी थोड्या वेळात इन्व्हर्टर ग्रिडपासून आपोआप अलग झाला पाहिजे.

खरी अडचण पखवाज थांबल्याचं ओळखण्यात आहे. समजा, खांबावरून घरात येणारी सर्व्हिस वायर तुटली. घरात तेव्हा फ्रिज आणि दोन पंखे चालू आहेत आणि पॅनेलही नेमकी तेवढीच वीज देतंय. व्होल्टेज हलत नाही, आवर्तनं हलत नाहीत, टाळकऱ्याला स्वतःच्याच टाळांचा आवाज पखवाजासारखा वाटू लागतो. वायर त्याहून मागे, दोन घरांच्या सामायिक भागात तुटली आणि शेजारच्या घरातही असाच इन्व्हर्टर असेल, तर दोघं एकमेकांचं ऐकून वाजवत राहू शकतात. याला आयलंडिंग म्हणतात: ग्रिड मेलेला, पण वायरीचं एक बेट जिवंत. यावर इंजिनिअरांनी काढलेला तोडगा मला फार आवडतो. इन्व्हर्टर अधूनमधून मुद्दाम ठेका किंचित पुढे-मागे ढकलून बघतो. ग्रिड असेल तर तो ढिम्म हलत नाही, इन्व्हर्टरलाच ओढून जागेवर आणतो. ग्रिड नसेल तर ठेका घसरत जातो, मर्यादेबाहेर पडतो आणि रिले उघडतो.

हे सगळं खांबावर चढणाऱ्या माणसासाठी आहे. डीपीवरचा ट्रान्सफॉर्मर दोन्ही बाजूंनी चालतो. ११ हजार व्होल्ट उतरवून आपल्याला देतो, आणि खालून २३० व्होल्ट मिळाले तर वरच्या तारेत पुन्हा हजारो व्होल्ट चढवू शकतो. एकट्या ८०० वॉटच्या पेटीला अख्ख्या गल्लीचा भार पेलत नाही, ती तत्काळ कोसळते, हे खरं. पण लाईनमनचा जीव 'बहुतेक कोसळेल' यावर सोडता येत नाही. (चेंजओव्हर स्विच न लावता घराच्या सॉकेटमध्ये जनरेटर जोडतात, तो तर याहून कितीतरी घातक. जनरेटर कुणाचा ठेका ऐकत नाही.)

म्हणून सगळा भरवसा पेटीच्या आतल्या सामानावर. २०२३ मध्ये जर्मनीतच एका कंपनीचे इन्व्हर्टर उघडून पाहिले तेव्हा ज्या रिलेच्या भरवशावर प्रमाणपत्र मिळालं होतं, तो आत नव्हताच. कंपनीला ग्राहकांना बाहेरून जोडायची रिलेची पेटी द्यावी लागली. इतकी कडक तपासणी असलेल्या देशात हे घडलं. मग आपल्याकडे ऑनलाइन बाजारात कुठलाही मानक क्रमांक न सांगता विकल्या जाणाऱ्या स्वस्त 'ग्रिड-टाय' पेट्यांच्या आत काय असेल, हे कशावरून ओळखायचं? भारतात आयलंडिंगच्या चाचणीचं मानक आहे आयएस १६१६९. पेटीवर आणि कागदावर ते नसेल, तर ती घरात आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता भिंतीतल्या वायरीकडे येऊ. बोर्डातला १६ अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) फक्त स्वतःमधून जाणारा करंट मोजतो. ८०० वॉट म्हणजे साधारण साडेतीन अँपिअर, आणि हा करंट एमसीबीच्या पुढच्या बाजूने शिरतो. त्याच सर्किटवर पुढे गीझर आणि इस्त्री एकदम लागली, तर ग्रिडकडून १६ आणि पॅनेलकडून साडेतीन मिळून वायरीच्या एका तुकड्यातून साडेएकोणीस अँपिअर जातात. एमसीबीला दिसतात सोळाच. वायर जाड आणि धड असेल तर तिला हा जास्तीचा भार सोसतो. आपल्या जुन्या इमारतींत मात्र गॅलरीचा पॉइंट बऱ्याचदा दिव्यांच्या दीड स्क्वेअर एमएम वायरीतूनच लूप करून काढलेला असतो.

भाचा इथे असतानाच मी वायरमनला बोलावून आमच्या गॅलरीतलं सॉकेट उघडायला लावलं. वायर दीडचीच निघाली, जोड नुसता पिळून टेप गुंडाळलेला, टेप उन्हाने कडक होऊन सुटलेली. वरच्या मोठ्या भोकामागचा स्क्रू कोरा होता. अर्थिंगची वायर तिथवर आलेलीच नव्हती. पावसात भिजणारी पॅनेलची धातूची चौकट याच भोकाच्या भरवशावर राहणार होती.

मीटरची गोष्ट तर फारच थोड्यांना माहीत असते. जर्मनीत जुना चकतीचा मीटर उलटा फिरला तरी बदलून मिळेपर्यंत तो चालवून घेतात. आपल्याकडच्या बऱ्याच इलेक्ट्रॉनिक मीटरांमध्ये वीजचोरी रोखायला अशी सोय केलेली असते की करंट उलट्या दिशेने गेला तरी युनिट पुढेच मोजले जातात. त्यामुळे दुपारी घरात कुणी नसताना पॅनेलची वीज बाहेर गेली, तर ती वापरल्याचं बिल आपल्यालाच येऊ शकतं. आत येणारी आणि बाहेर जाणारी वीज वेगवेगळी मोजणारा नेट मीटर लागतो तो याचसाठी.

आणि नेट मीटर परवानगीशिवाय बसत नाही. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०१३ च्या नियमांप्रमाणे ग्रिडला समांतर जोडायच्या कुठल्याही स्रोताला वितरण कंपनीची मान्यता लागते. बेट तयार झालं तर दोन सेकंदांत वीज थांबली पाहिजे. शिवाय हाताने चालवायचा, उघडा आहे की बंद ते डोळ्यांना दिसेल आणि कुलूप लावता येईल असा स्विच हवा, तोही कंपनीच्या माणसाला चोवीस तास गाठता येईल अशा जागी. बेडरूमपलीकडच्या गॅलरीतली पिन या अटीत कशी बसणार? रीतसर रस्ता मात्र आता बराच सोपा झालाय. २०२४ च्या ग्राहक नियमांनुसार १० किलोवॉटपर्यंतच्या छतावरच्या अर्जाला तांत्रिक व्यवहार्यतेची तपासणी लागत नाही, आणि पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान मिळतं.

भाच्याला मी सेट आणू नको म्हणून सांगितलं. तो थोडा हिरमुसला. गॅलरीच्या पॉइंटला अडीचची वायर आणि अर्थिंग मात्र लगेच ओढून घेतलं. आमचा फ्लॅट आहे, स्वतःचं छत नाही, पण सोसायटीच्या सामायिक वापराच्या विजेला याच योजनेत किलोवॉटमागे १८ हजार रुपये आहेत. लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे गच्चीवरच्या उन्हावर चालवायचा विषय मी पुढच्या सभेच्या अजेंड्यावर घालून घेतलाय. सेक्रेटरींनी गच्चीचं माप काढून ठेवायला सांगितलंय. टाकीची सावली दुपारी दोननंतर कुठवर येते, ते या रविवारी खडूने आखून ठेवणार आहे.