डिस्क घेण्याआधी जरा हे वाचा : हेवी मेटल अल्बम आणि कॉन्सर्ट व्हिडिओ घेणाऱ्या आमच्या गिऱ्हाईकांसाठी

नमस्कार मंडळी,

दुकानात येणारे बरेच जण एकच प्रश्न विचारतात, की एकाच अल्बमच्या तीन-चार वेगवेगळ्या सीडी कपाटात कशाला ठेवल्यात, आणि त्यातली जुनी, बुकलेटची कड पिवळी पडलेली सीडी नव्या चकचकीत रिमास्टरपेक्षा महाग का लावलीय. प्रत्येकाला सांगत बसलं की काउंटरवर गर्दी होते, म्हणून हे छापून ठेवलंय. पिशवीत टाकून देतोय, घरी निवांत वाचा. यातली मतं आमची, म्हणजे दुकान चालवणाऱ्या एका जुन्या मेटल फॅनची आहेत. पटली नाहीत तर वाद घालायला बिनधास्त या.

सगळ्यात आधी एवढंच सांगतो, की कव्हरवर 'रिमास्टर्ड' असं सोनेरी अक्षरात छापलंय म्हणून जास्त पैसे देऊ नका. कधीकधी ती एडिशन खरंच भारी असते, पण मेटलमध्ये बऱ्याचदा ती फक्त जोरात वाजते.

रिमास्टर आणि रिमिक्स यात फरक आहे

रिमास्टर करताना तयार झालेलं मिक्स घेतात आणि त्याचा एकूण टोन, लेव्हल वगैरे बदलतात. गिटार, ड्रम, बास, आवाज हे सगळं त्यात आधीच एकत्र झालेलं असतं, वेगळं करता येत नाही. रिमिक्स करायचं तर मूळ मल्टिट्रॅक टेपवर जावं लागतं, तिथे प्रत्येक वाद्य सुटं असतं.

हे कळलं की मेटालिका या बँडच्या 'अँड जस्टिस फॉर ऑल'चं कोडं सुटतं. त्यांचा बास गिटार वाजवणारा क्लिफ बर्टन १९८६ साली स्वीडनमध्ये बसच्या अपघातात गेला, त्याच्या जागी जेसन न्यूस्टेड आला, १९८८ ला हा अल्बम आला आणि त्यात बिचाऱ्याचा बास जवळजवळ ऐकूच येत नाही. मिक्स करणाऱ्यांनी नंतर मुलाखतीत सांगितलं की बँडकडूनच बास खाली घ्यायला सांगितलं होतं. २०१८ ला त्याचा मोठा बॉक्स सेट आला तेव्हा सगळ्यांना वाटलं, चला, आता तरी बास येणार, पण ते होतं रिमास्टर, त्यामुळे तीस वर्षांपूर्वी जे मिक्समध्ये दाबलं गेलं ते दाबलेलंच राहिलं. बॉक्स घ्या, जरूर घ्या, त्यातली डेमो आणि लाइव्ह रेकॉर्डिंग मस्त आहेत, पण बाससाठी घेऊ नका.

आता याच्या उलटं उदाहरण. मेगाडेथ या बँडचा 'रस्ट इन पीस' १९९० चा. २००४ साली त्यांचा गायक डेव्ह मस्टेन यानं स्वतः जुन्या अल्बमचं रिमिक्स करून घेतलं, आणि यात काही गाण्यांच्या मूळ व्होकलच्या टेपच सापडल्या नाहीत म्हणून ते त्यानं नव्यानं गायले. चौदा वर्षांनी माणसाचा गळा तोच कसा राहील? ज्यानं १९९० ची कॅसेट झिजेपर्यंत ऐकलीय त्याला 'फाइव्ह मॅजिक्स' लागलं की लगेच खटकतं. नवीन ऐकणाऱ्याला चालेल, ड्रम मोठे आणि स्वच्छ आहेत, पण आमचं मत विचाराल तर १९९० चीच सीडी शोधा. स्ट्रीमिंगवरसुद्धा कुठलं व्हर्जन लागलंय ते बघून घ्या.

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे गायक ऑझी ऑस्बर्न. 'ब्लिझर्ड ऑफ ऑझ' आणि 'डायरी ऑफ अ मॅडमॅन' या दोन अल्बमवर बास वाजवलाय बॉब डेझलीनं आणि ड्रम ली कर्सलेकनं. पैशांवरून आणि श्रेयावरून त्यांचं आणि ऑझीच्या बाजूचं कोर्टात भांडण लागलं, तर २००२ च्या रीइश्यूमध्ये, म्हणजे पुन्हा काढलेल्या आवृत्तीत, दोघांचं वाजवलेलं चक्क काढून टाकलं आणि त्या जागी रॉबर्ट ट्रुहियो आणि माइक बॉर्डिन यांच्याकडून नव्यानं वाजवून घेतलं. दोघंही वाजवणारे उत्तम, ट्रुहियो तर पुढच्याच वर्षी मेटालिकात गेला, पण म्हणून १९८०-८१ च्या अल्बममधली माणसंच बदलायची? रँडी ऱ्होड्सची गिटार तीच आणि खाली वाजणारी माणसं वीस वर्षांनंतरची. २०११ च्या एडिशनमध्ये मूळ बास-ड्रम परत आणले. ऑझी जुलै २०२५ मध्ये गेला तेव्हापासून या दोन सीडींना मागणी खूप वाढलीय आणि सेकंडहँड बाजारात २००२ वाल्या बऱ्याच फिरतायत, स्वस्तात मिळाली म्हणून खूश होऊ नका, मागच्या बाजूचं साल वाचा. आमच्याकडे २००२ ची कॉपी आली तर आम्ही तसं स्टिकर लावूनच ठेवतो.

जोरात म्हणजे चांगलं नाही

मेटालिकाचा 'डेथ मॅग्नेटिक' सप्टेंबर २००८ ला आला, गाणी बऱ्याच वर्षांनी अशी तडफदार होती, पण आवाज इतका दाबून वर चढवलेला की तो फाटतो. ड्रमचा फटका आणि गिटारचा भरणा एकाच उंचीवर, मध्ये श्वास घ्यायला जागा नाही, दोन गाण्यांनंतर कान थकतात. गंमत म्हणजे तीच गाणी 'गिटार हीरो' या व्हिडिओ गेमसाठी वेगळ्या फाइलमधून गेली होती, त्यात हा दाब कमी होता, आणि फॅन लोकांनी दोन्हींचे ग्राफ शेजारी लावून दाखवले. गेममधला आवाज सीडीपेक्षा चांगला, अशी वेळ आली. लोकांनी नव्यानं मास्टर करा म्हणून ऑनलाइन सह्या गोळा केल्या.

आयर्न मेडन या बँडच्या १९९८ च्या रिमास्टरवरही जुन्या फॅन लोकांची अशीच तक्रार असते, आणि आम्हालाही ते जरा कर्कश वाटतात. पण 'लाइव्ह आफ्टर डेथ' या लाइव्ह अल्बमला अपवाद करा, कारण त्याच्या पहिल्या एका सीडीच्या आवृत्तीत दोन तबकड्यांच्या एलपीची (जुन्या काळ्या रेकॉर्डची) चौथी बाजू, म्हणजे लंडनच्या हॅमरस्मिथला रेकॉर्ड झालेली गाणी, जागा नाही म्हणून गाळली होती, ती १९९८ च्या दोन सीडींमध्ये परत आली. जागेवरून आठवलं, मेटालिकाचा 'लोड' सीडीत जेमतेम बसावा म्हणून शेवटचं 'आउटलॉ टॉर्न' कापलंय, ते पूर्ण हवं असेल तर 'मेमरी रिमेन्स'ची सिंगल, म्हणजे एक-दोन गाण्यांची छोटी सीडी, शोधा.

जुनी सीडी घरी लावल्यावर आवाज कमी वाटेल. घाबरू नका, सीडी खराब नाही. अँप्लिफायरचा व्हॉल्यूम वाढवा आणि मग तुलना करा, नाहीतर जे जोरात तेच बरं वाटणार.

एलपी घेणाऱ्यांसाठी थोडक्यात : एका बाजूला साधारण वीस मिनिटांच्या आत गाणी असली तर खोबण रुंद मिळते आणि बास भरदार लागतो. स्लेयर बँडचा 'रेन इन ब्लड' सगळा मिळून २९ मिनिटांच्या आसपास, त्यामुळे एलपीवर तो मस्तच. (काही कॅसेटवर तर अख्खा अल्बम एका बाजूला मावला आणि दुसऱ्या बाजूला पुन्हा तोच!) याउलट तासाभराचा अल्बम कोणी एकाच एलपीवर ठोसून बसवला असेल तर घेऊ नका, आम्हीही मागवत नाही.

आता व्हिडिओ

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात ते रीजनमध्ये, म्हणजे डिस्क कुठल्या भागातल्या प्लेयरवर चालेल ते ठरवणाऱ्या कोडमध्ये. न्यू जर्सीतला भाचा किंवा बहीण येताना डीव्हीडी घेऊन येते, इथे लावली की स्क्रीनवर नुसता मेसेज. डीव्हीडीसाठी अमेरिका रीजन १, युरोप आणि जपान २, भारत ५. ब्लू-रेचं वेगळं : अमेरिका आणि जपान ए, युरोप बी, भारत सी. त्यामुळे पाहुण्यांना सांगतानाच सांगा की बॉक्सच्या मागे 'ऑल रीजन' किंवा शून्य लिहिलेलं बघून घ्या. कॉन्सर्टच्या बऱ्याच डिस्क सगळीकडे चालणाऱ्या असतात, अडचण जास्त येते ती सिनेमांच्या डिस्कमध्ये, त्यातही क्रायटेरियनसारख्या कंपन्यांच्या अमेरिकन ब्लू-रे बहुतेक रीजन ए पुरत्याच लॉक असतात. ४के डिस्कला रीजनची भानगड नाही, पण त्याच बॉक्समधल्या साध्या ब्लू-रेला असू शकते.

एनटीएससी आणि पाल या टीव्ही चित्राच्या दोन पद्धती, ही दुसरी शंका. आपल्याकडचे बहुतेक प्लेयर आणि टीव्ही दोन्ही दाखवतात, त्याची काळजी नको. फक्त फिल्मवर शूट केलेल्या गोष्टी पाल डीव्हीडीवर सेकंदाला २४ ऐवजी २५ फ्रेमनं पळतात, म्हणजे सगळं चार टक्के वेगात, आणि आवाज दुरुस्त केला नसेल तर सूरही थोडा चढतो. सिनेमात कुणाच्या लक्षात येत नाही पण डीव्हीडीसोबत गिटार वाजवायला बसलात तर ट्यूनिंग जुळणार नाही.

आणि एक सांगतो, व्हीएचएसच्या काळात व्हिडिओ टेपवर शूट झालेला कार्यक्रम ब्लू-रेवर आणला म्हणून एचडी होत नाही. मुळात जेवढं चित्र आहे तेवढंच दिसणार. अशा वेळी पैसे देताना बघायचं ते आवाजाकडे आणि एक्स्ट्रा काय दिलंय त्याच्याकडे. याचं चांगलं उदाहरण मेडनचंच, 'मेडन इंग्लंड'. बर्मिंगहॅमचा १९८८ चा शो, १९८९ ला व्हीएचएसवर आला तेव्हा शेवटची तीन गाणी त्यात नव्हती. २०१३ च्या डीव्हीडीत ती घातली आणि वर बँडच्या इतिहासाची डॉक्युमेंटरी दिली. चित्र जुनंच आहे, तरी पैसे वसूल. याला म्हणतात रीइश्यू.

आमच्याकडून कायम जाणारी डिस्क मात्र 'फ्लाइट ६६६', आणि का ते इथल्या लोकांना सांगायला नको. १ फेब्रुवारी २००८, मुंबई, बीकेसीचं मैदान, मेडनच्या त्या वर्ल्ड टूरची सुरुवातच तिथून झाली. मेडनचा गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः बोइंग ७५७ विमान चालवत बँड, क्रू आणि सामान घेऊन जगभर फिरला, आणि सॅम डन आणि स्कॉट मॅकफेडियन यांनी त्याचा सिनेमा केला. २००९ ला आली. दोन डिस्क आहेत : एकीवर सिनेमा, दुसरीवर नुसती गाणी, प्रत्येक गाणं वेगळ्या शहरातलं, आणि पहिलंच, चर्चिलच्या भाषणानंतर लागणारं 'एसेस हाय', मुंबईचं. त्या गर्दीत आपण कुठे दिसतो का ते पॉज करकरून शोधणारे लोक आमच्या ओळखीचे आहेत. सेकंडहँड घेताना दुसरी डिस्क आत आहे ना ते आधी बघा, कारण एकच डिस्क असलेला बॉक्स विकायला येतो आणि सिनेमापेक्षा ती दुसरीच आपल्या कामाची.

मेडनचंच 'रॉक इन रिओ' लोकप्रिय आहे, लोक मागतात, आम्ही देतो. पण त्याचं एडिटिंग त्यांचा बास वाजवणारा स्टीव्ह हॅरिस यानं स्वतः केलंय आणि कॅमेरा इतक्या भराभर बदलतो की सोलो चालू असताना बोटं दिसायच्या आत कट. बास वाजवावा तर त्यानंच, एडिटिंग दुसऱ्या कुणाला द्यायला हवं होतं. ज्यांना वाजवताना बघून शिकायचंय त्यांनी 'बिग फोर'ची सोफिया (बल्गेरिया), २२ जून २०१० ची डिस्क घ्यावी, मेटालिका, स्लेयर, मेगाडेथ, अँथ्रॅक्स एकाच मैदानावर. शेवटी सगळे मिळून डायमंड हेड बँडचं 'अ‍ॅम आय इव्हिल' वाजवतात, त्यात स्लेयरचा फक्त ड्रमर डेव्ह लोम्बार्डो आलाय, बाकीचे गायब, यावरून दुकानात अजून चर्चा होते.

ब्लू-रे लावली की आधी ऑडिओ मेनूत जा. टीव्हीचेच स्पीकर किंवा साधा दोन स्पीकरचा सेट असेल तर स्टीरिओ पीसीएम हा पर्याय निवडा. बरेच जण ५.१ वर, म्हणजे सहा स्पीकरसाठीच्या आवाजावर, ठेवतात आणि मग 'गिटार लांबून येतेय' म्हणून डिस्क परत घेऊन येतात.

आपल्याकडची मंडळी विसरू नका. मुंबईच्या डेमॉनिक रिझरेक्शन बँडचा २०१७ चा 'दशावतार', मत्स्यापासून एकेका अवतारावर एकेक गाणं, हा असा अल्बम आहे की आजोबांनाही विषय सांगता येतो, आवाज सहन होईल का ते माहीत नाही. भयानक मौत या बँडचं काही मिळालं तर आम्ही लगेच घेऊन ठेवतो. मुंबईच्या काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे सीडी-रेकॉर्डचं दुकान २०१६ ला बंद झाल्यापासून या वस्तू हातात घेऊन बघायच्या जागा किती उरल्यात ते तुम्हीच बघताय.

पावसाळा आणि डिस्क

कोकण, मुंबई, गोवा इथून येणाऱ्या डिस्क आम्ही उजेडात धरून तपासतो. सीडीची छापील बाजू जास्त नाजूक असते, धातूचा थर तिथे वरच, लॅकरच्या पातळ थराखाली असतो, त्यामुळे खालचा ओरखडा एकवेळ पॉलिश होतो पण वरचा गेला की गाणं गेलं. ब्लू-रेचं उलटं, डेटा खालच्या पृष्ठभागापासून जेमतेम ०.१ मिलिमीटरवर, म्हणून तिला पॉलिश करायला आणू नका, आम्ही करत नाही. टूथपेस्टचा प्रयोग कशावरच नको. पुसायचं ते मधून कडेकडे सरळ, गोल गोल नाही.

जुन्या जाड डबल-सीडी बॉक्समध्ये फोमचा तुकडा असतो, तो आजच काढून टाका, दमट हवेत तो विरघळून डिस्कला चिकटतो आणि डाग खात जातो. १९८८ ते १९९३ मध्ये इंग्लंडच्या ब्लॅकबर्नमधल्या पीडीओ कारखान्यात बनलेल्या काही सीडी कडेपासून तांबूस होत जातात, आतल्या कड्यावर ते नाव दिसलं आणि रंग बदललेला असेल तर घेऊ नका, आणि घरी असेल तर आजच कॉपी करून ठेवा. व्हीएचएसवर पांढरी बुरशी दिसली तर व्हीसीआरमध्ये घालू नका, हेडला लागते आणि पुढच्या प्रत्येक टेपला पसरते. कपाट भिंतीला चिकटवून ठेवू नका, सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळ्यात मध्येमध्ये बदला.

परत घेण्याबद्दल : सेकंडहँड सीडी किंवा डिस्क अडखळली तर पंधरा दिवसांत बिलासह आणा, बदलून देऊ, दुसरी कॉपी नसेल तर पैसे परत. सीलबंद ब्लू-रे उघडली की परत नाही, फक्त रीजनमुळे चालली नाही तर घेऊ, कारण ते तपासून देणं आमचं काम आहे, म्हणून प्लेयरचं मॉडेल बिल करायच्या आधी सांगा. कुरियरनं मागवणाऱ्यांनी पार्सल उघडताना मोबाईलवर व्हिडिओ काढावा. केस तुटलेली निघाली तर नवी केस फुकट पाठवू, आतली डिस्क तुटली असेल तर तुमचा व्हिडिओ बघून दुसरी.