कूलरच्या घरघरीत २४ बिट

मे महिन्यात जळगावला दुपारी गाणं ऐकायचं म्हणजे तडजोड करावी लागते. कूलर चालू ठेवला तर तानपुरा ऐकू येत नाही, आणि बंद केला तर ऐकणारा माणूसच दहा मिनिटांत उठून अंघोळीला जातो. बाहेर ४४ अंश असतात. कूलरची टाकी नुकतीच भरलेली असते, गवतावरून पाणी ठिबकत असतं आणि पत्र्याच्या पेटीतला पंखा त्याचा एकच सूर लावून बसलेला असतो.

अशाच एका दुपारी पुण्याहून आलेल्या भाच्याने माझा फोन हातात घेतला आणि डोक्याला हात लावला. "मामा, तुम्ही अजून ३२०वर ऐकता? हाय-रेझ घ्या ना. २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ." ३२० म्हणजे गाण्याच्या दर सेकंदाला ३२० किलोबिट माहिती, आणि हाय-रेझ म्हणजे सीडीपेक्षाही बारकाईने मोजलेलं गाणं. मग त्याने इंटरनेटवरून गाणी ऐकवणाऱ्या चार-पाच सेवांची नावं घेतली, दर सांगितले आणि स्वतःचा यूएसबी डॅक बॅगेतून काढून टेबलावर ठेवला. डॅक म्हणजे आकड्यांचं विजेच्या लहरीत रूपांतर करणारी डबी. ही डबी आमच्याकडे आठवडाभर राहिली. त्या आठवड्यात मी जे वाचलं, मोजलं आणि ऐकलं, ते इथे लिहितो आहे.

आधी आकडे. माइकमधून येणारी आवाजाची लहर संगणक एका सेकंदात हजारो वेळा मोजतो. सीडीसाठी हे प्रमाण सेकंदाला ४४,१०० वेळा ठरलं. १९८२ साली सीडी बाजारात आली तेव्हापासून ते तसंच आहे. प्रत्येक मोजमाप १६ बिटांत लिहितात, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांच्या फूटपट्टीवर. हाय-रेझमध्ये मोजमापं ९६,००० किंवा १,९२,००० होतात आणि फूटपट्टी २४ बिटांची होते.

इथे बहुतेकांचा एक गैरसमज होतो, माझाही होता. वाटतं की मोजमापं जितकी जास्त तितकी लहर गुळगुळीत, कमी असली की जिन्यासारखी खडबडीत. तसं नसतं. एखाद्या लहरीतली सर्वांत वरची कंपनसंख्या जेवढी, तिच्या दुपटीपेक्षा जास्त वेळा मोजलं की ती लहर पूर्णपणे परत उभी करता येते. अंदाजाने नव्हे, पूर्णपणे. हॅरी नायक्विस्टच्या १९२८ च्या कामात याची बीजं आहेत आणि क्लॉड शॅननने १९४९ साली त्याची नीट मांडणी केली. माणसाचा कान तरुणपणी २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो, त्याची दुप्पट ४०,००० होते आणि सीडीचे ४४,१०० त्याच्या वर आहेत. १९२ किलोहर्ट्झमध्ये जे जास्तीचं येतं, ते वटवाघळाच्या कामाचं. पन्नाशी ओलांडलेल्या माझ्यासारख्याला तर १२-१४ हजारांच्या वरचंही फारसं ऐकू येत नाही.

बिटांचं गणित वेगळं आहे, आणि त्यातच आमचा कूलर येतो. एक बिट वाढला की सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात बारीक आवाजातलं अंतर साधारण ६ डेसिबलने वाढतं. १६ बिटांत ते ९६ डेसिबल होतं, २४ बिटांत कागदावर १४४. आता माझी खोली पाहा. खुर्चीवर फोन ठेवून अ‍ॅपने आवाज मोजला. हे अ‍ॅप म्हणजे प्रयोगशाळेचं यंत्र नव्हे, दोन-चार डेसिबल इकडेतिकडे होणारच. कूलर पूर्ण वेगात असताना ६२ आला. नुसता छताचा पंखा असताना ४५ च्या आसपास. गाणं मी शेजारी भिंत ठोकणार नाहीत इतकंच मोठं लावतो, तेव्हा सगळ्यात जोरकस जागा ८८ ते ९० पर्यंत जाते. ९० मधून ६२ वजा केले की उरले २८. भागिले ६. म्हणजे मे महिन्याच्या दुपारी माझ्या खोलीला पुरतात पाचाहून कमी बिट!

हे जरा वाढवून सांगितलेलं आहे, हे कबूल करतो. कूलरची घरघर मुख्यतः खालच्या पट्टीतली असते. वरच्या पट्टीतली सतारीची झणकार त्याच्या खाली असूनही कानाला वेगळी काढता येते. पण रात्री दोन वाजता, जानेवारीत, सगळं बंद करून मोजलं तेव्हाही ३२ आला होता. ९० वजा ३२, म्हणजे ५८. दहा बिट. भुसावळच्या बाजूची मालगाडी आली की तेवढेही नाहीत. २४ बिटांचा खरा उपयोग रेकॉर्डिंगच्या स्टुडिओत होतो. तिथे गायक अचानक जोर लावेल म्हणून वर जागा मोकळी सोडावी लागते, नंतर आवाज खालीवर करावे लागतात, दहा वाद्यं मिसळावी लागतात. तिथे २४ बिट हवेतच. घरात पोहोचेपर्यंत त्यांचं काम झालेलं असतं.

मग ३२० आणि लॉसलेस, म्हणजे काहीही न गाळता दाबलेलं गाणं, यांत फरक कशाचा? हे समजायला आम्हा खानदेशकरांना जिनिंग-प्रेसिंगपेक्षा सोपं उदाहरण सापडणार नाही. जिनिंगमध्ये कापसातून सरकी वेगळी काढतात, प्रेसिंगमध्ये रुई दाबून गाठ बांधतात. गाठ लहान होते, पण सोडली की रुई तेवढीच, एक तंतूही कमी नाही. फ्लॅक किंवा अ‍ॅपलची एएलएसी हे फाइलप्रकार म्हणजे अशी लॉसलेस गाठ. सीडीचा सेकंदाला १,४११ किलोबिटांचा माल ती साधारण निम्म्यावर किंवा थोडा वर आणते आणि जसाच्या तसा परत देते. एमपी३, एएसी किंवा ऑग व्हॉर्बिस मात्र आधी जिनिंग करतात आणि मग दाबतात. त्यातून काढलेली सरकी परत येत नाही.

आता यात सरकी कुठली, हे कोण ठरवतं? आपला कानच ठरवतो. हायवेवर दोघं बोलत उभे असले आणि ट्रक गेला, की तेवढ्या वेळापुरतं समोरच्याचं बोलणं गायब होतं. समोरचा बोलत असतो, पण कानापुरता तो नसतो. ढोलकीच्या थापेच्या क्षणी जवळच्या पट्टीतला बारीक आवाजही असाच झाकला जातो. जर्मनीत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमपी३ घडवताना याच झाकण्याचा हिशेब मांडला: जे झाकलं जाणारच आहे, त्यावर बिट खर्च करायचे नाहीत. ९६ किलोबिटांवर हा हिशेब तोकडा पडतो आणि झांज पाण्याखाली वाजल्यासारखी वाटते. ३२० वर तो इतका सैल असतो की पकडणं फार अवघड.

किती अवघड, ते घरीच करून पाहिलं. शेजारचे नाना मूळचे अंमळनेरकडचे, रेल्वेतून निवृत्त झालेले, कान तयार. भाच्याने एकच गाणं दोन रूपांत केलं. एक लॉसलेस, आणि दुसरं त्याच फाइलपासून बनवलेलं ३२०. दोन्हींचा आवाज सारखा जुळवला. नाणं उडवून २० वेळा वाजवलं. नुसत्या नशिबावर २० पैकी १० बरोबर येतातच. १५ आले तरच काही ऐकू आलं असं म्हणता येतं. माझे ११ आले, नानांचे ९. भाचा, ज्याच्यामुळे हे सगळं चाललं होतं, तोही १२ वर थांबला. मात्र ९६ किलोबिटांची फाइल त्याने २० पैकी १९ वेळा ओळखली. नानांनी निकाल ऐकला आणि म्हणाले, "फरकबिरक माले काही कयना नही. पन कूलर बंद व्हयना, तवय गानं गोड लागनं." म्हणजे फरक काही कळला नाही, पण कूलर बंद झाला तेव्हा गाणं गोड लागलं. आठवडाभरातलं सगळ्यात नेमकं निरीक्षण ते होतं, असं माझं मत आहे.

मोठ्या प्रमाणावर झालेल्या चाचण्यांची गोष्टही फार वेगळी नाही. ई. ब्रॅड मायर आणि डेव्हिड मोरान यांनी २००७ साली बॉस्टनमधल्या श्रोत्यांवर केलेली चाचणी प्रसिद्ध केली. हाय-रेझ तबकडी थेट ऐकवायची, किंवा मध्येच तिला सीडीच्या १६ बिटांच्या, ४४.१ किलोहर्ट्झच्या गाळणीतून काढायचं. ५५४ वेळा विचारलं, २७६ वेळा उत्तर बरोबर आलं. म्हणजे नाणं उडवल्यासारखं. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या जोशुआ रीस यांनी २०१६ मध्ये १८ अभ्यास एकत्र करून साडेबारा हजारांहून अधिक उत्तरं तपासली. तिथे बरोबर उत्तरांचं प्रमाण ५२.३ टक्के निघालं, म्हणजे फरक शून्य नाही, पण अगदी निसटता. काय ऐकायचं ते आधी शिकवलेल्या लोकांना तो जास्त कळला. दोन्ही बाजूंचे भक्त यातला आपापला अर्धा भाग सांगत फिरतात.

मायर-मोरान यांच्या लेखात एक गोष्ट जाता जाता आली आहे, ती मला जास्त मोलाची वाटते. त्या हाय-रेझ तबकड्या बहुतेक सीड्यांपेक्षा खरंच चांगल्या वाजत होत्या, आणि सीडीच्या गाळणीतून काढल्यावरही तशाच चांगल्या वाजत होत्या. गुण मास्टरिंगचा, म्हणजे गाणं बाजारात जाण्याआधी त्याचा आवाज शेवटचा बसवण्याच्या कामाचा होता. चोखंदळ गिऱ्हाइकासाठी बनवायचं म्हणून तंत्रज्ञांनी आवाज उगाच ठासून भरला नव्हता. नेहमीच्या बाजारासाठी गाणं 'मोठं' वाटावं म्हणून बारीक आणि जोरकस जागा दाबून एका पातळीला आणतात. अहिराणीतली लग्नाची, डीजेवर वाजणारी गाणी ऐका. पहिल्या ठोक्यापासून शेवटपर्यंत मीटरचा काटा वरच चिकटलेला. त्यात चूक काही नाही, ती वरातीसाठीच केलेली असतात. पण त्यांना २४ बिट देणं म्हणजे लोटाभर पाण्याला हौद बांधणं.

जुन्या गाण्यांचंही तसंच. ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकडीवर खरखर आणि गाणं यांतलं अंतर फार तर ४० डेसिबल असतं. स्टुडिओतली चांगली चुंबकीय टेप ६०-७० देते, म्हणजे बारा बिटांच्या आत. अशा गाण्यावर १९२ किलोहर्ट्झची पट्टी दिसली की समजायचं, टेपची सुरसुर फार तपशिलात मिळणार आहे. मूळ टेपवरून कोणी नव्याने, काळजीने उतरवलं असेल तर फरक पडतो. पण तो फरक उतरवणाऱ्याच्या हाताचा असतो.

आता सेवांकडे येऊ. अ‍ॅपल म्युझिकने जून २०२१ मध्ये जादा पैसे न घेता लॉसलेस दिलं, १९२ किलोहर्ट्झपर्यंत. पण सेटिंगमध्ये जाऊन ते सुरू करावं लागतं. ४८ किलोहर्ट्झच्या वरचं खरोखर ऐकायचं तर बाहेरचा डॅक लागतो. स्पॉटिफायने फेब्रुवारी २०२१ मध्ये घोषणा केली आणि प्रत्यक्ष लॉसलेस दिलं सप्टेंबर २०२५ मध्ये, २४ बिट पण ४४.१ किलोहर्ट्झवरच. वरची गणितं पाहिली तर हा आकडा अजिबात वेडगळ नाही. भारतात ते सगळ्यात वरच्या प्लॅनमध्ये आहे. टायडल आणि फ्रान्सची कोबझ या कानसेनांच्या लाडक्या सेवा, पण हे लिहीत असताना त्या भारतात अधिकृतपणे सुरू नाहीत. टायडलने बरीच वर्षं फाइल लहान करणारी एमक्यूए नावाची घडी वापरली. ती उलगडल्यावर मूळ फाइल जशीच्या तशी मिळत नाही, यावरून मोठं वादंग झालं. २०२३ मध्ये एमक्यूएची कंपनी प्रशासकाच्या हाती गेली आणि २०२४ मध्ये टायडल साध्या फ्लॅकवर आलं. जिओसावन ३२० पर्यंत जातं, यूट्यूब म्युझिक २५६ पर्यंत. आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीची गाणी शोधायची तर शेवटी साध्या यूट्यूबवरच यावं लागतं, तिथे किती किलोबिट ते कोण विचारतो!

दोन सेवा एकामागून एक ऐकून "ही जास्त खुलते" असं ठरवणाऱ्यांनी सांभाळून राहावं. प्रत्येक सेवा गाण्यांचा आवाज आपल्या ठरलेल्या पातळीवर आणते, आणि या पातळ्या सारख्या नाहीत. स्पॉटिफायची नेहमीची पातळी उणे १४ आहे, अ‍ॅपलची उणे १६, गाण्याचा सरासरी आवाज मोजण्याच्या एलयूएफएस या एककात. दोन डेसिबलने मोठं गाणं माणसाला 'मोठं' वाटत नाही, 'चांगलं' वाटतं. दुकानदारांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. जळगावातच एका दुकानात मला एकदा महागड्या स्पीकरच्या वेळी आवाजाचं बटण हळूच पुढे सरकवून दाखवलं होतं. मी भारावून गेलो होतो.

आणि ब्लूटूथ. घरोघरी साउंडबार आहेत आणि ते बहुतेक बिनतारीच जोडलेले असतात. नेहमीची एसबीसी जोडणी साधारण ३२८ किलोबिटांवर संपते, एलडॅक नावाची दुसरी ब्लूटूथ जोडणी जास्तीत जास्त ९९० वर जाते आणि तीही गाळूनच देते. वर हाय-रेझचा प्लॅन आणि खाली ब्लूटूथ, म्हणजे प्रेसिंगची गाठ आणून दारात पुन्हा जिनला लावली. डेटाही बघा: अ‍ॅपलच्याच हिशेबाने तीन मिनिटांचं गाणं नेहमीच्या दर्जात ६ एमबी, लॉसलेसमध्ये ३६, आणि सगळ्यात वरच्या दर्जात १४५.

भाच्याचा डॅक परत गेल्यावर मी खर्च केला तो खोलीवर, आणि तोही जवळजवळ फुकटचा. आमची खोली १२ बाय १० ची, वर स्लॅब, खाली टाइल्स, चारी बाजूंना प्लास्टर. टाळी वाजवली की भिंती झणझणतात. नानांच्या गावच्या धाब्याच्या घरात असं होत नाही. मातीच्या जाड भिंती, वर लाकूड आणि माती, सगळं आवाज पिणारं. सिमेंटच्या खोलीत तोच आवाज दहा ठिकाणांहून उशिरा येऊन शब्द पुसट करतो.

उपाय कापसाचा. आवाज शोषायला मऊ थर हवा, आणि त्या आवाजाच्या लहरीच्या लांबीच्या चौथाईइतका जाड असला तर उत्तम. आमच्या ४० अंशांच्या हवेत आवाज सेकंदाला ३५५ मीटर जातो, म्हणजे १,००० हर्ट्झच्या लहरीची लांबी ३५ सेंटिमीटर आणि चौथाई ९. चार इंची गादी तिथे नेमकी बसते. स्पीकरच्या समोरच्या भिंतीला एक गादी उभी केली आणि तबल्याचा बोल सुटा झाला. १०० हर्ट्झला मात्र चौथाई ८९ सेंटिमीटर होते, त्याला एका गादीने भागत नाही. म्हणून पाहुण्यांच्या गाद्यांची अख्खी चळत बैठकीतून उचलून कोपऱ्यात रचली. खालचा घुमा थोडाफार उतरला. घरच्यांचा विरोध अजून उतरलेला नाही, कारण लग्नसराई आहे आणि गाद्या कधीही लागतात.

प्लॅनचं म्हणाल तर उन्हाळाभर ३२० वरच ठेवलं आहे. दिवाळीनंतर कूलर पोत्यात बांधून माळ्यावर जाईल, तेव्हा दोन महिन्यांसाठी लॉसलेस घेऊन पाहणार आहे, वायरने जोडून. नानांना सांगून ठेवलं आहे. नाणं मी आणतो, चहा त्यांच्याकडे.