इग्बो-ओरा : जुळ्यांच्या गावामागचा इतिहास

नायजेरियाच्या ओयो राज्यात, इबादान शहराच्या पश्चिमेला इग्बो-ओरा हे योरुबा लोकांचं गाव आहे. जगातली जुळ्यांची राजधानी असं ते अभिमानानं स्वतःला म्हणवतं. 2018 पासून इथे जुळ्यांचा उत्सव भरतो. एकसारखे कपडे घातलेल्या जोड्यांचे फोटो आणि भेंडीच्या पाल्याच्या कालवणामुळे जुळी होतात हा गावकऱ्यांचा दावा, एवढंच सहसा आपल्यापर्यंत पोहोचतं. या आनंदामागे बालमृत्यूंचा दीर्घ इतिहास आहे आणि तो ठाऊक नसेल तर इथलं जुळ्यांचं माहात्म्य कळत नाही.

एके काळी योरुबा मुलखातही जुळं जन्मणं अशुभ मानलं जाई आणि अर्भकांना मारलं जाई. साधारण अठराव्या शतकात ही दृष्टी पालटली, असं अभ्यासक मानतात. लोककथा त्याचं कारण आपल्या परीनं सांगते. शेतात येणाऱ्या माकडांना एक शेतकरी मारत असे. त्याच्या घरी जुळी जन्मत आणि दगावत. शेवटी इफा दैवताच्या पुरोहितानं, म्हणजे बाबालावोनं, कौल लावून सांगितलं की माकडांना मारू नकोस आणि जुळ्यांना मान दे. पुढे मेघगर्जनेचा देव शांगो जुळ्यांचा पाठीराखा ठरला. (जुळ्यांना वाचवणाऱ्या मेरी स्लेसर या मिशनरी बाईंचं नाव इथे अनेकदा जोडलं जातं. त्यांचं काम आग्नेयेकडच्या कलाबार भागातलं. योरुबांमधला बदल त्याच्या कितीतरी आधीचा आणि त्यांच्या स्वतःच्या धर्मविचारातून आलेला आहे. हे श्रेय योरुबांचं योरुबांना मिळायला हवं.)

जुळी मुलं अशक्त जन्मत, त्यामुळे त्यांच्यातले मृत्यूही जास्त. जुळ्यांचा आत्मा एकच, एक गेलं तर दुसऱ्यालाही ओढून नेईल, ही भीती. म्हणून बाबालावोच्या सल्ल्यानं गेलेल्या बाळाची लाकडाची वीतभर मूर्ती कोरून घेत, तिला ‘एरे इबेजी’ म्हणतात. मूर्ती बाळाची असली तरी अंगलट मोठ्या माणसाची आणि डोकं ठसठशीत. आई तिला न्हाऊ घाली, लाल लाकडाची पूड चोळी, केसांना नीळ लावी, जिवंत बाळाबरोबर तिलाही घास भरवी. वर्षानुवर्षांच्या या न्हाऊमाखूमुळे कित्येक मूर्तींचे नाकडोळे झिजून गेलेले आहेत. आज त्या युरोप-अमेरिकेतल्या संग्रहालयांत शेकड्यांनी दिसतात. ज्या वस्तूला आईनं भरवलं, ती काचेआड ‘कलावस्तू’ म्हणून उभी पाहणं मला अस्वस्थ करतं.

ख्रिस्ती आणि इस्लाम धर्म पसरले तशा कोरीव मूर्ती मागे पडल्या आणि त्यांच्या जागी बाजारातल्या प्लॅस्टिकच्या बाहुल्या आल्या. इला-ओरांगुन गावात 1970च्या दशकात छायाचित्रकार हयात जुळ्याचाच फोटो दोनदा छापून जोडी पुरी करून देत. नावं मात्र सर्व धर्मांच्या घरांत टिकली. आधी जन्मतो तो ताइवो, मागून येतो तो केहिंदे. आणि थोरला मान केहिंदेचा, कारण जग कसं आहे ते पाहायला त्यानंच धाकट्याला पुढे धाडलं. त्यांच्या पाठच्या भावंडाचं नावही ठरलेलं, इदोवू.

जुळ्यांची मोजदाद मागाहून झाली. 1963मध्ये इबादान विद्यापीठानं इग्बो-ओरात ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. पुढे पॅट्रिक नायलँडर या डॉक्टरांच्या अभ्यासातून नैर्ऋत्य नायजेरियात हजार जन्मांमागे 45 ते 50 जुळी असं प्रमाण पुढे आलं. जगात इतरत्र ते साधारण 12च्या आसपास असे. एकाच बीजापासून होणाऱ्या जुळ्यांचं प्रमाण सगळीकडे हजारी चारेक असतं. इथली वाढ आहे ती दोन वेगळ्या बीजांपासून होणाऱ्या जुळ्यांची. जुळ्यांच्या मातांमध्ये बीजकोश वाढवणाऱ्या संप्रेरकाची पातळी जास्त असल्याचंही नायलँडर यांना आढळलं. ती आनुवंशिक असावी की आहारामुळे, यावर वाद आहे. सुरण-कोनफळासारख्या याम कंदाचा किंवा भेंडीच्या पाल्याचा संबंध मात्र आजवर सिद्ध झालेला नाही.