सह-नियमन आणि सामायिक नियमन: गटाला वळण कोण लावतं?

चौघं मिळून ऑनलाइन एक अहवाल लिहितायत. एकीच्या लक्षात येतं, "अरे थांबा, प्रश्नात कारणं विचारलीयत, आपण परिणाम लिहीत बसलोय." शेजारचा "हो की" म्हणतो आणि आपला परिच्छेद बदलतो. बाकी दोघं आपापलं लिहीत राहतात. हे झालं सह-नियमन: एकाने दुसऱ्याला सावरलं.

दुसऱ्या एखाद्या गटात याच वाक्यावर वेगळं घडतं. "मग पहिला भाग काढायचा का?" "काढू नको, कारणांना पुरावा म्हणून वापरू." "पण वेळ पुरेल?" शेवटी चौघं मिळून आराखडा नव्याने ठरवतात आणि थोड्या वेळाने तो जमतोय का, हेही मिळूनच तपासतात. हे सामायिक नियमन. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्हीकडे गप्पाच दिसतात, त्यामुळे गल्लत होते.

दोन्हींच्या मुळाशी स्व-नियमन आहे, म्हणजे आपल्या अभ्यासाला आपणच वळण लावणं. शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ बॅरी झिमरमन यांनी त्याचं चक्र तीन टप्प्यांत मांडलं: अभ्यासाआधी ध्येय आणि नियोजन, अभ्यास चालू असताना स्वतःवर लक्ष, नंतर आत्मपरीक्षण. गटात हे चक्र कोणाच्या हाती असतं, हा पुढचा प्रश्न. फिनलंडमधल्या औलू विद्यापीठाच्या सान्ना यार्वेला आणि कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठाच्या अ‍ॅलिसन हॅडविन यांनी २०१३ साली एका लेखात संगणकाच्या आधाराने होणाऱ्या गट-अभ्यासाच्या संदर्भात स्व-, सह- आणि सामायिक नियमन वेगवेगळं करून दाखवलं.

सह-नियमन कमी दर्जाचं, असं मात्र समजू नये. अडलेल्याला हात देऊन पुन्हा स्वतःच्या पायावर उभं करणं हे त्याचं काम, आणि सामायिक नियमनाची सुरुवातही बरेचदा तिथूनच होते. पंचाईत होते ती दरवेळी एकच जण सावरणारा असला की. अहवाल चांगला होतो, पण नियोजनाचा सराव त्या एकालाच मिळतो. "आमचा गट छान चालतो" असं सांगणारे बरेच गट याच जातीचे असावेत, असा माझा संशय आहे.

तंत्रज्ञानाचं काय? चौघांनी एकच फाइल उघडली म्हणून नियमन सामायिक होत नाही. कामं वाटून घ्यायलाही तीच फाइल पुरते. यार्वेला यांच्या संशोधक-गटाने वापरलेलं 'रडार' नावाचं साधन इथे पाहण्यासारखं आहे. काम सुरू होण्याआधी प्रत्येक जण स्वतंत्रपणे आपलं आकलन, उत्साह वगैरे किती आहे ते नोंदवतो आणि मग सगळ्यांच्या नोंदी एकाच आकृतीत समोर येतात. तिघांना विषय समजलाय आणि चौथ्याला अजिबात नाही, हे एरवी संकोचापोटी झाकलं जातं. इथे ते उघड दिसतं, त्यावर बोलणं भाग पडतं. उत्तर साधन देत नाही, आणि हेच मला त्यातलं शहाणपण वाटतं.

याच संशोधनात विद्यार्थ्यांच्या त्वचेच्या विद्युतवाहकतेत (मन उत्तेजित झालं की ती वाढते) होणारे बदल टिपून ते व्हिडिओशी ताडूनही पाहिले जातात. तिघांचे आलेख एकाच वेळी उसळले, तरी ते एकत्र विचार करतायत की एकत्र वैतागलेत, हे आलेख सांगत नाही. त्यासाठी ते काय बोलत होते तेच ऐकावं लागतं: सुचवलेल्या दुरुस्तीला नुसती मान डोलली, की कोणी तिच्यात भर घातली, हरकत घेतली, ती बदलली.